योरुबांचे मुखवटे आणि त्यांच्यामागचे जग

२०२३ साली नायजेरियातील लागोस, ओगुन, ओशुन आणि ओयो या राज्यांनी ऑगस्टमध्ये ‘इशेशे दिना’ची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. इशेशे म्हणजे योरुबा लोकांची पूर्वजांपासून चालत आलेली धर्मरीत. त्याच वर्षी इलोरिन शहरात एका पुजारिणीने ठरवलेल्या अशाच उत्सवाला तिथल्या एका मुस्लिम गटाने विरोध केला, आणि नोबेल पारितोषिक मिळवलेले लेखक वोले शोयिंका यांनी इलोरिनच्या अमीरांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक मुस्लिम शासकांना, खुले पत्र लिहून त्याचा निषेध केला. या बातम्यांबरोबर जी छायाचित्रे येतात त्यांत नखशिखान्त रंगीत कापडांनी झाकलेल्या आकृती असतात, डोक्यावर कोरीव लाकडी शिल्प तोलून नाचणारे पुरुष असतात, आणि खाली ‘आफ्रिकन मुखवटे’ एवढीच ओळ छापलेली असते. त्या ओळीने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. योरुबा मुखवटा समजतो तो चालताना, नाचताना आणि बोलताना. भिंतीवर टांगला की त्याचा फार थोडा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. तो का चालतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हे समजून घ्यायचे असेल तर आधी योरुबांची विश्वाची कल्पना पाहावी लागते.

## योरुबा कोण आणि कुठले?

नायजेरियाचा नैऋत्य भाग, त्याला लागून असलेला बेनिन प्रजासत्ताकाचा पट्टा आणि टोगोचा काही भाग ही योरुबांची भूमी. त्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. युरोपीय सत्तांनी आखलेल्या सीमांमुळे एकाच परंपरेची गावे इंग्रजी आणि फ्रेंच अमलाखाली विभागली गेली, आणि म्हणूनच योरुबा कलेची एकच गोष्ट सांगताना दोन-तीन देशांची नावे घ्यावी लागतात.

इले-इफे हे त्यांचे आद्य नगर. पृथ्वीची निर्मिती याच जागी झाली आणि ओडुडुवा हा पहिला राजा इथेच झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. इफेच्या जुन्या मूर्तिकारांनी मातीत आणि धातूत घडवलेली मानवी मस्तके इतकी जिवंत आहेत की १९१० साली तिथे पोहोचलेल्या लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाला ती आफ्रिकी माणसांनी घडवली असतील हे मान्यच होईना. त्याने त्यांचा संबंध बुडालेल्या अटलांटिसशी जोडला. १९३८ साली राजवाड्याजवळ एका घराचा पाया खणताना धातूच्या मस्तकांचा मोठा साठा सापडला, तेव्हा असल्या तर्कांना जागा उरली नाही. इफेच्या या शिल्पांत तांब्याचा एक पूर्णाकृती मुखवटाही आहे. ओबालुफोन या राजाच्या नावाने तो ओळखला जातो. घालणाऱ्याला बाहेरचे दिसावे म्हणून त्याच्या डोळ्यांखाली बारीक फटी ठेवलेल्या आहेत. म्हणजे काही शतकांपूर्वीही हा मुखवटा केवळ पाहण्यासाठी केलेला नव्हता.

एक गल्लत इथेच दूर करावी. ‘बेनिन ब्राँझ’ म्हणून बातम्यांत येणाऱ्या, १८९७ साली इंग्रजांनी लुटून नेलेल्या वस्तू या शेजारच्या एडो लोकांच्या बेनिन राज्याच्या आहेत. इफेशी त्या राजघराण्याचे नाते सांगितले जाते, पण त्या वस्तू योरुबांच्या नव्हेत, आणि बेनिन प्रजासत्ताक या आजच्या देशाच्याही नव्हेत.

## दोन जगे आणि त्यांतली ये-जा

योरुबांच्या कल्पनेत विश्वाचे दोन भाग आहेत. ‘आये’ म्हणजे आपण जगतो ते दृश्य जग, आणि ‘ओरुन’ म्हणजे देवता, पूर्वज आणि अजून न जन्मलेले जीव यांचे अदृश्य जग. त्यांची एक म्हण सांगते की आये हा बाजार आहे आणि ओरुन हे घर. माणूस बाजारात येतो, व्यवहार करतो आणि घरी परततो. या दोन जगांमध्ये बंद भिंत नाही. मेलेला वडीलधारा घरातल्या नव्या बाळाच्या रूपाने परत येतो असे मानतात, आणि म्हणून अशा मुलाचे नाव बाबातुंडे, म्हणजे ‘वडील परत आले’, असे ठेवतात.

सर्वांच्या वर ओलोडुमारे हा परमेश्वर आहे. त्याची मूर्ती घडवत नाहीत आणि त्याला वाहिलेली वेगळी देवळेही सहसा बांधत नाहीत. रोजच्या जगण्यात माणसाचा संबंध येतो तो ओरिशांशी. ओरिशा म्हणजे निसर्गातील किंवा मानवी जीवनातील एखादी शक्ती, जिला नाव, स्वभाव, आवडनिवड आणि इतिहास आहे. ओगुन हा लोखंडाचा ओरिशा, त्यामुळे लोहार, शिकारी, शस्त्रवैद्य आणि ट्रकचालक हे सगळे त्याच्या पदराखाली येतात. शांगो मेघगर्जनेचा, आणि तो ओयो या जुन्या योरुबा साम्राज्याचा एक राजाही मानला जातो. ओशुन ही त्याच नावाच्या नदीची देवता. ओबाताला मातीपासून मनुष्याचे शरीर घडवतो. एशू हा दूत आहे. चौकात, उंबरठ्यावर, निर्णयाच्या क्षणी तो हजर असतो, आणि कोणताही नैवेद्य त्याच्यामार्फतच पोहोचतो.

आणखी दोन संज्ञा लक्षात ठेवल्या की पुढचे सोपे जाते. ‘आशे’ म्हणजे गोष्टी घडवून आणणारे सामर्थ्य. ते उच्चारलेल्या शब्दात, रक्तात, वनस्पतीत, राजाच्या आज्ञेत असते. ‘ओरी’ म्हणजे डोके, पण त्याचबरोबर जन्मापूर्वी प्रत्येकाने स्वतः निवडलेले आंतरिक डोके, म्हणजेच नियती. योरुबा लाकडी शिल्पांत डोके शरीराच्या मानाने इतके मोठे का असते, याचे उत्तर या एका कल्पनेत आहे. ज्याला मोठेपणा द्यायचा ते मोठे कोरायचे, हा त्या शिल्पकारांचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

## इफा: प्रश्न विचारण्याची पद्धत

कोणता ओरिशा रुष्ट आहे, पूर्वजासाठी मुखवटा काढायचा का, नव्या कापडाची भर घालायची का, अशा प्रश्नांची उत्तरे इफा या कौल घेण्याच्या पद्धतीतून शोधतात. इफाच्या ज्ञात्याला बाबालावो म्हणतात. त्याच्यापुढे एक कोरीव लाकडी तबक असते. त्यावर भुकटी पसरलेली असते आणि काठावर एशूचा चेहरा कोरलेला असतो. सोळा ताडबिया एका हातातून दुसऱ्या हाताने झटकन उचलायच्या. मागे एक उरली तर भुकटीत बोटाने दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. असे आठ वेळा केले की एक आकृती तयार होते. दोन पर्याय आठ वेळा, म्हणजे एकूण २५६ आकृत्या शक्य आहेत. प्रत्येक आकृतीला ओदू म्हणतात आणि प्रत्येक ओदूखाली असंख्य कथाकाव्ये येतात. बाबालावो ती तोंडपाठ म्हणत जातो आणि विचारायला आलेला माणूस स्वतःची अडचण त्यांपैकी एखाद्या कथेत ओळखतो. हे शिकायला वर्षानुवर्षे लागतात. इफा म्हणजे भविष्यकथन असे म्हटले जाते, पण मला ते एका समाजाने स्मरणशक्तीत जपलेले ग्रंथालय वाटते, ज्यात वैद्यक, इतिहास, नीती आणि विनोद एकाच ठिकाणी सापडतात. युनेस्कोने २००५ साली इफाची नोंद मानवजातीच्या मौखिक वारशात केली.

## एगुंगुन: पूर्वज अंगणात येतात तेव्हा

आता मुखवट्यांकडे वळू. योरुबांच्या मुखवटा-परंपरा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत व्यापक परंपरा एगुंगुन. यात लाकडी चेहरा असेलच असे नाही. सगळा भर कापडावर असतो. डोक्यापासून पायापर्यंत माणसाची त्वचा कुठेही दिसता कामा नये, हा पहिला नियम. चेहऱ्यावर विणलेली जाळी असते, हातापायांवर शिवलेले मोजे असतात, आवाज घोगरा आणि बदललेला असतो. शरीराला लागून असलेला आतला थर बहुधा हातमागाच्या पट्ट्यांचा, निळ्या-पांढऱ्या रंगांचा असतो आणि तो प्रेतवस्त्राची आठवण करून देतो. त्यावर मखमल, रेशीम, छापील सुती कापड, जरी यांच्या लांब पट्ट्या थरावर थर शिवलेल्या असतात आणि त्यांच्या कडांना लाल कापडाचे त्रिकोणी दाते असतात. कुटुंब जसजसे समृद्ध होते, तसतसे नवे कापड वर चढते. जुने काढून टाकत नाहीत.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात नायजेरियातील ओग्बोमोशो शहरात घडवलेला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला असा एक एगुंगुन वेश आहे. २०१९ साली त्या एकाच वेशाभोवती तिथे प्रदर्शन मांडले गेले. त्यात आफ्रिका, युरोप आणि आशिया या तिन्ही खंडांतली मिळून तीनशेहून अधिक कापडे असल्याचे आढळले. एका घराण्याने आपल्या पूर्वजाला जे उत्तम ते देण्याचा किती वर्षे प्रयत्न केला असेल, हे त्या थरांवरून वाचता येते. समुद्रापलीकडचा व्यापारही त्यांतच दिसतो.

उत्सवात बाता नावाच्या ढोलांच्या तालावर एगुंगुन गिरकी घेतो आणि त्या सगळ्या पट्ट्या आडव्या पसरतात. त्यातून येणारा वारा अंगावर घेणे हा आशीर्वाद समजतात. त्याचे वस्त्र अंगाला लागणे मात्र धोक्याचे, म्हणून हातात काठ्या घेतलेले सोबती गर्दीला मागे सारत असतात. योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ सुरांच्या चढउतारावर ठरत असल्याने ढोल नुसता ताल धरत नाही, तो त्या घराण्याची प्रशस्ती शब्दशः ‘उच्चारतो’, आणि जाणकार ती ओळखून दाद देतात. एगुंगुन भांडणे मिटवतो, चुकलेल्याला सर्वांसमक्ष सुनावतो, मूल व्हावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना आश्वासन देतो. घरातला वडीलधारा जे करेल तेच तो करतो, फक्त तो मेलेला वडीलधारा असतो.

यात करमणूकही भरपूर आहे. १८२६ साली ह्यू क्लॅपर्टन हा स्कॉटिश प्रवासी जुन्या ओयोच्या दरबारात पोहोचला, तेव्हा त्याच्यासमोर मुखवटाधाऱ्यांचा खेळ झाला. त्यात एक अजगर अवतरला, आणि पाठोपाठ गोऱ्या माणसाचे सोंग आले, जे तपकीर ओढत, हात चोळत, अनवाणी बर्फावर चालल्यासारखे नाजूक पाय टाकत होते. प्रेक्षक क्लॅपर्टनकडे पाहत हसत होते. याच परंपरेतून ‘अलारिंजो’ ही फिरती नाटकमंडळी वाढली आणि विसाव्या शतकात ह्युबर्ट ओगुंडे यांच्या व्यावसायिक नाटक कंपनीला तिची पार्श्वभूमी मिळाली.

## गेलेदे: आईच्या शक्तीपुढे

पश्चिमेकडच्या योरुबांत, विशेषतः आजच्या बेनिनमधील केतू आणि नायजेरियातील येवा भागात, गेलेदे ही वेगळी परंपरा आहे. युनेस्कोने तिची दखल २००१ साली घेतली. इथे केंद्रस्थानी पूर्वज नाहीत, तर ‘आमच्या आया’ आहेत. वयस्क स्त्रियांकडे जन्म देण्याची आणि जन्म रोखण्याची, पीक फुलवण्याची आणि करपवण्याची शक्ती असते, ती देवतांनाही भारी पडू शकते, असे मानतात. तिला पळवून लावता येत नाही. तिला प्रसन्न ठेवावे लागते, आणि प्रसन्न ठेवण्याचा मार्ग म्हणजे उत्तम नृत्य, उत्तम गीत आणि उत्तम शिल्प.

पहिला भाग रात्री बाजारपेठेत होतो. त्यात थोर मातेचा मुखवटा येतो तेव्हा सगळे दिवे विझवले जातात. पांढऱ्या लांब वस्त्रातली ती आकृती कधी पक्ष्याच्या चोचीची, कधी दाढी असलेल्या स्त्रीची असते. त्यानंतर एफे हा गायक पहाटेपर्यंत गातो. तो प्रार्थना करतो, आणि गावातल्या लबाड सावकारापासून बेजबाबदार पुढाऱ्यापर्यंत सर्वांचे वाभाडेही काढतो. आयांचे संरक्षण त्याला असल्याने त्याच्या शब्दांचा सूड कोणी घ्यायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाच होतो. नर्तक बहुधा जोडीने येतात आणि दोघांचे मुखवटे सारखे असतात. गेलेदेचा मुखवटा चेहऱ्यावर बसत नाही, तो टोपीसारखा डोक्यावर तिरका बसतो, आणि नर्तक खालच्या पातळ कापडातून बघतो. मुखवट्याचा खालचा भाग शांत, तरुण, नजर स्थिर असलेला चेहरा असतो; त्यात सहसा फरक पडत नाही. वरच्या भागात मात्र शिल्पकार वाटेल ते कोरतो: पक्ष्याला वेढलेले साप, बाजारात निघालेली विक्रेती, शिलाई यंत्रावर बसलेला शिंपी, मोटारसायकल, विमान. मला या रचनेत गेलेदेचे सार दिसते. खाली संयम, वर जगाचा गोंगाट, आणि तो गोंगाट त्या शांत डोक्याने तोलून धरलेला. नर्तकाच्या पायांत लोखंडी वाळे असतात, आणि ढोलाच्या प्रत्येक लांबलचक वाक्याशी त्यांचा आवाज अचूक जुळलाच पाहिजे. एक ठोका चुकला तरी प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येते. योरुबा म्हणतात की ज्या डोळ्यांनी गेलेदे पाहिले, त्यांनी पाहण्यासारखे सर्व पाहिले.

ईशान्येकडे, एकिटी भागात, एपा नावाचे मुखवटे आहेत. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेले हे शिरस्त्राण वीस किलोंपेक्षाही जड असू शकते. खाली मडक्यासारखा, दोन्ही बाजूंना चेहरे असलेला भाग, आणि वर घोडेस्वार योद्धा किंवा मुलांनी वेढलेली आई. तरुणाने ते डोक्यावर घेऊन उंचवट्यावर उडी मारायची आणि तोल जाऊ द्यायचा नाही. तो सावरला तर वर्ष चांगले जाणार.

## आतला माणूस कोण, हे गावाला माहीत नसते का?

पुष्कळदा माहीत असते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवाचे सोंग घेतलेल्या गावकऱ्याच्या पाया त्याचेच शेजारी पडतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. एगुंगुनचेही तसेच समजावे. आत अमुकचा मुलगा आहे ही गोष्ट खोटी नसते, पण त्या वेळी ती अप्रस्तुत ठरते, आणि ती मोठ्याने बोलणे हा अपराध असतो. इफाचा कौल, नैवेद्य, प्रशस्ती, ढोल आणि वस्त्र एकत्र आले की पूर्वज उपस्थित झाला, असा हा सामूहिक करार आहे.

## स्त्रियांचा सन्मान असेल, तर नाचतात पुरुष का?

ही शंका रास्त आहे. गेलेदेत पुरुष स्त्रीवेश घेतात, छाती आणि नितंब भरदार दिसावेत असे बांधतात, बायकांकडूनच लुगडी आणि डोक्याचे रुमाल मागून आणतात. ज्या शक्तीपुढे नम्र व्हायचे तिचेच रूप अंगावर घ्यायचे, असा त्यामागचा विचार आहे. गेलेदे मंडळाचे सर्वोच्च धार्मिक पद, इयालाशे, स्त्रीकडे असते. एगुंगुनमध्ये मात्र बायकांवर बंधने अधिक आहेत. वस्त्राचे गुपित पुरुषांकडे राहते आणि मोजक्या पदधारी स्त्रियांनाच आत प्रवेश असतो. या असमानतेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

## ही चेटूकविद्या नव्हे का?

मिशनऱ्यांनी तसेच ठरवले होते. बायबलच्या योरुबा अनुवादात सैतानाच्या जागी एशू आला, आणि एका दूतावर कायमचा डाग बसला. तो पुसण्यासाठी इशेशेचे अनुयायी आजही झगडत आहेत. वृद्ध बाईवर चेटकीण असल्याचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा प्रकार नायजेरियात घडतो, ही खरी आणि संतापजनक गोष्ट आहे. पण तिची जबाबदारी सरसकट या परंपरेवर टाकता येत नाही. १९५०-५१ साली ‘अतिंगा’ नावाची चेटकीण-शोधक मोहीम योरुबा भागात शिरली. तिने म्हाताऱ्या बायकांवर आरोप केले, त्यांच्याकडून कबुलीजबाब उकळले, आणि त्याच वेळी ओरिशांची ठाणी व गेलेदेचे मुखवटेही नष्ट केले. बायकांच्या शक्तीला जाळणारे आणि तिच्यापुढे नाचणारे असे दोन पक्ष तिथे उघड समोरासमोर आले होते.

## आज बहुतेक योरुबा मुस्लिम किंवा ख्रिस्ती आहेत ना?

आहेत, आणि एकाच घरात दोन्ही असणे अगदी नेहमीचे आहे. तरीही कुळाचा एगुंगुन निघतो तेव्हा त्यातले अनेक जण हजर राहतात, कारण तो घराण्याचा आहे. १९४७ साली ओये-एकिटी इथे कॅथलिक धर्मगुरूंनी एक कार्यशाळा सुरू केली आणि एपा मुखवटे कोरणाऱ्या परंपरेतील जॉर्ज बांडेले यांना तिथे काम दिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले लामिडी फाकेये मुस्लिम होते. त्यांनी चर्चचे दरवाजे कोरले, राजवाड्यांचे खांब कोरले, आणि ओरिशांच्या मूर्तीही कोरल्या. कट्टर आवाज अलीकडे वाढले आहेत, इलोरिनचा प्रसंग त्याचेच लक्षण आहे. पण सहवासाची ही सवय त्याहून जुनी आहे.

ओशोग्बो इथे ओशुन नदीकाठी सुमारे ७५ हेक्टरांची देवराई आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला ती झाडतोडीने आणि दुर्लक्षाने संपत आली होती. सुझान वेंगर ही ऑस्ट्रियन चित्रकार १९५० साली नायजेरियात आली, ओरिशांची उपासक झाली, आणि स्थानिक कारागिरांबरोबर तिने तिथली ठाणी पुन्हा उभारली. २००५ साली ती देवराई जागतिक वारसास्थळ झाली. दर ऑगस्टमध्ये एक कुमारिका झाकलेला भोपळा डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत जाते आणि हजारो लोक तिच्यामागे जातात.

## समुद्रापलीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ओयोचे साम्राज्य कोसळले आणि दीर्घ युद्धे पेटली. त्यांत पकडलेल्या असंख्य योरुबांना गुलाम म्हणून क्यूबा आणि ब्राझीलला विकण्यात आले. तिथे ओरिशा कॅथलिक संतांच्या आड जगले. क्यूबात शांगो संत बार्बराच्या चित्रामागे उभा राहिला. क्यूबातील सांतेरिया आणि ब्राझीलमधील कांदोंब्ले हे धर्म असे घडले. ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्याजवळील इतापारिका बेटावर एगुंगुन आजही निघतात. लाकूड आणि कापड जहाजावर सोबत नेता आले नव्हते. ढोलांचे ताल, गाणी आणि वस्त्र कसे शिवायचे याचे ज्ञान माणसांच्या डोक्यात होते, आणि तेवढ्यावर सारे पुन्हा उभे राहिले.

## मग संग्रहालयांतले मुखवटे परत करावेत का?

लुटीत गेलेल्या वस्तूंबाबत माझे उत्तर स्पष्टपणे ‘होय’ असे आहे. योरुबा मुखवट्यांचा प्रश्न मात्र थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण ते सगळे लुटलेले नाहीत. लाकडी मुखवट्याला वाळवी लागते, तो जीर्ण होतो, आणि मग नवा कोरून घेतात. जुना कधी विकलाही जातो. एगुंगुनचे वस्त्र मात्र एका घराण्याचे असते, त्यात त्या घराण्याच्या पिढ्या शिवलेल्या असतात, आणि कुटुंबातल्या एकाने अडचणीपोटी ते विकले तरी बाकीच्यांचा हक्क संपला असे म्हणता येत नाही. त्यामुळे मालकी सरकारची, राजाची की कुळाची, हा प्रश्न प्रत्येक वेशाबाबत वेगळा विचारावा लागेल. ब्रुकलिनच्या त्या वेशाबाबत संग्रहालयाने ओग्बोमोशोतील मूळ घराण्याचा शोध घेतला आणि ते घराणे सापडले. तीनशे कापडांचा तो वेश कोणाच्या पूर्वजासाठी शिवला होता हे सांगण्याचा अधिकार त्या घरातल्या माणसांचा आहे, आणि जगभरच्या संग्रहालयांत नावगाव न लावता टांगलेल्या बाकीच्या वेशांची चौकशीही इथूनच सुरू व्हायला हवी.